यात कुणी कुणाचं आहे का?

कमोडोर गजानन शेडगे (निवृत्त) यांना मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्याच यादीकडे बघून नाक मुरडताना. मुंबईत, नौदलाच्या मनुष्यबळ विभागात मी नुकताच बदलून आलो होतो. नौदलात कारकुनी करणाऱ्या खलाशाला रायटर म्हणतात, मी त्यातला. एका जहाजावर पाठवायच्या सत्तर जणांची यादी मी मोठ्या हौसेने टंकून त्यांच्यापुढे ठेवली. क्रमांक, हुद्दा, काम, सगळे रकाने सुतासारखे सरळ. साहेब तेव्हा कॅप्टन होते. त्यांनी यादी वरून खाली वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारले, "बोडके, ह्यांच्या घरी कोण कोण असतं?"

"ते फायलीत असतं, सर."

"मग फायली आणा."

सत्तर फायली मी चार खेपांत आणल्या. साहेबांनी जेवणाची सुट्टी मोडून एकेक उघडली आणि यादीच्या समासात पेन्सिलीने लिहीत गेले. आई एकटी. बायको बाळंतपणाला गेलेली. वडील अंथरुणावर. मी मनात म्हटले, मारुती, मेलास! हा माणूस काही तुला सुखाने जगू देत नाही. शेवटची फाइल मिटून त्यांनी विचारले, "गाव कुठलं?"

"माण, सर. तालुका मुळशी."

"मी भऱ्याचा," म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले. मला वाटले, चला, तालुक्याचे साहेब भेटले, आता आपली चंगळ. कसली चंगळ! त्या ओळखीवर मला कधी अर्ध्या दिवसाची सवलत मिळाली नाही. उलट चूक झाली की इतरांना नुसते बोलणे बसे, मला वर "मुळशीची लाज घालवू नका" हे जास्तीचे मिळे.

साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी त्यांच्या प्रशासनकौशल्यावर लिहावे, असे समितीने कळवले. सोबत निमंत्रणपत्रिकेचा मसुदाही पाठवला. त्यात साहेबांच्या नावाखाली लिहिले आहे, 'युद्धकाळात ज्यांच्या यादीत कधी एक चूक झाली नाही'. ते वाचून मी पत्रिका पालथी घातली. चूक झाली होती. ती मी केली होती. त्याच पत्रिकेत पुढे असेही आहे, की सोहळ्यात साहेबांचे औक्षण भऱ्याच्या वीरमाता ठकूबाई कोकरे करतील. ती चूक नेमकी कुणाची, हे ठकूबाईंना आजतागायत माहीत नाही. साहेबांना माहीत आहे, मला माहीत आहे आणि ठकूबाईंच्या थोरल्या मुलाला माहीत आहे.

तेव्हा हे छापून येण्याआधी मला भऱ्याला जाऊन त्या माउलीला तोंडाने सांगायचे आहे. अजून गेलेलो नाही. तीन वेळा गाडी काढली आणि तिन्ही वेळा घोटवडे फाट्यावर चहा पिऊन परत आलो. बायको म्हणते, तिथला चहा एवढा चांगला असेल तर मलाही न्या कधीतरी. थट्टा करते बिचारी, पण ती माझ्याइतकीच घाबरली आहे. आधी लिहून तर काढतो, मग जातो, असे स्वतःला बजावून बसलो आहे.

लढाई सुरू झाली की लोकांना जहाजे दिसतात, तोफा दिसतात. त्या जहाजांवर माणसे कोण चढवतो, हे कुणाला दिसत नाही. सीमेवर पेटले आणि आमच्या कार्यालयात टेलिफोनचा कलकलाट सुरू झाला. सगळ्या रजा रद्द. गावोगाव तारा गेल्या. माणसे पेरण्या टाकून, साखरपुडे टाकून धावत आली. एक जण तर हाताची हळद घेऊन हजर झाला. साहेबांनी त्याला दुरुस्तीसाठी बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर टाकले. तो रागाने लाल. मला लढाईवर पाठवा, म्हणून अडून बसला. साहेब म्हणाले, "पाठवतो. आधी तुझ्या बायकोला तुझं तोंड नीट पाठ होऊ दे." दहा दिवसांनी खरेच पाठवले.

बाहेरून साहेब शांत वाटत. मी शेजारच्या खोलीत बसत असल्याने मला आतले माहीत. फोन वाजला की ते पहिल्या घंटीला उचलत नसत. दोन वाजू देत आणि तिसरीला उचलत. एकदा धीर करून कारण विचारले, तर म्हणाले, "तेवढ्या वेळात मी सगळ्या जहाजांची नावं घेऊन टाकतो." त्यानंतर फोन वाजला की मीही नावे घेऊ लागलो. सवय अशी जडली, की आज घरी पोरीचा फोन आला तरी माझा हात दोन घंट्या तसाच अधांतरी राहतो.

त्यांची एक रीत होती. कोणत्याही जहाजाच्या यादीवर सही करण्यापूर्वी ते पेनाचे टोपण काढत, हात थांबवत आणि समोरच्या रायटरला मोठ्याने विचारत, "यात कुणी कुणाचं आहे का?" सख्खे भाऊ किंवा बापलेक एका जहाजावर जाऊ नयेत, म्हणून हा प्रश्न. आपण फायली तपासून, खात्री करून "नाही, सर" म्हणायचे, मगच पेन कागदाला लागायचे. दिवसाला दहा याद्या असल्या तर दहादा विचारत. आम्ही मागे त्यांची नक्कलही करायचो. डब्यात दोन पोळ्या दिसल्या की विचारायचे, यात कुणी कुणाचं आहे का?

हीच गोष्ट साहेब आपल्या गावातही बोलून बसले होते. लढाईच्या आधी भऱ्याच्या यात्रेला आले असता शाळेपुढच्या पटांगणात बायांनी त्यांना गराडा घातला. ज्यांची पोरे नौदलात होती त्या विचारू लागल्या, साहेब, आमच्या पोरांकडे लक्ष असू द्या. साहेबांनी सगळ्यांसमक्ष सांगितले, "एका घरची दोन पोरं मी एका बोटीवर ठेवत नाही. हा माझा शब्द." त्या घोळक्यात मागे ठकूबाई उभ्या होत्या. शेरडा-मेंढरांवर जगणारे घर, नवरा आधीच गेलेला, आणि दोन्ही मुलगे खलाशी.

ते दोघे म्हणजे थोरला बिरू आणि धाकटा सिदू. आता इथे मुळशीतल्या माणसालाच कळेल अशी एक गोष्ट आहे. मेंढरे घेऊन घर फिरतीवर असायचे, त्यामुळे बिरूची शाळा भऱ्याला झाली आणि सिदूची मामाच्या गावी. मामाने शाळेत नाव घालताना भाच्याला आपलेच आडनाव लावले, बापाच्या जागीही आपलेच नाव सांगितले. मास्तरांनी लिहून घेतले. आमच्याकडे अशी किती घरे दाखवू! त्यामुळे नौदलाच्या कागदांवर बिरू कोकरे आणि सिदू आखाडे हे दोन परके इसम होते. बाप वेगळा, गाव वेगळे. साहेबांनी हजार फायली चाळल्या असत्या तरी हे त्यांना सापडले नसते. मला फाइल बघायची गरजच नव्हती, कारण दोघे रविवारी माझ्या खोलीवर येऊन भाकरी खाऊन जात.

बिरूचे जहाज निघायच्या तयारीत होते. सिदूचे नाव मी दुसऱ्या जहाजासाठी काढले होते. दोघे माझ्या टेबलाशी आले. सिदू म्हणाला, "मारुतीभाऊ, मला दादाच्या बोटीव टाका की. तितं एक जागा हाय म्हनं."

मी म्हणालो, "साहेब विचारतात. माहीत आहे ना?"

"तुमी न्हाई म्हना. कागदाव आमी कुटं भाऊ हाये?"

बिरूही म्हणाला, "त्यो संगं असला म्हंजी मला घोर न्हाई. न्हाईतर माजं ध्यान त्याच्याकडंच."

मला त्या दोघांचा लळा होता. वाटले, काय बिघडते? तालुक्याची पोरे, एकमेकांना धरून राहतील. मी नाव बदलले. यादी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी टोपण काढले, हात थांबवला आणि विचारले. मी म्हणालो, "नाही, सर." त्यांनी सही केली.

जहाज गेले त्याला आठवडा झाला असेल. सकाळी संदेश आला, की त्या जहाजावर इंजिनाच्या खोलीत वाफेची नळी फुटली. एक जण गेला, काही भाजले. नावे नव्हती. लढाईचे दिवस, जहाजाने संदेशांवर मौन धरलेले, त्यामुळे पुढचे काही कळायला मार्ग नव्हता. साहेबांनी सक्त हुकूम काढला. नाव पक्के झाल्याशिवाय एकाही घरी काही कळवायचे नाही, अंदाजाने तर मुळीच नाही. बिरू आणि सिदू, दोघांचेही काम इंजिनाच्या खोलीतच होते. मी यादीचा तो कागद काढून त्यावर बोट ठेवून बसलो. एक गेला. दोघांतला एक? की तिसराच कुणी? तिसराच असू दे, असे मनात आले आणि लगेच स्वतःची शरम वाटली. त्या तिसऱ्यालाही आई असणारच की.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. बिरूने घरी माझा नंबर देऊन ठेवला होता. ठकूबाई पिरंगुटपर्यंत चालत येऊन बूथवरून बोलत होत्या. रेडिओवर जहाजाचे नाव आले होते.

"मानचा मारुती का? बिरूच्या बोटीव काय झालं रं?"

"अजून काही कळलं नाही, मावशी. कळलं की सांगतो."

मग म्हणाल्या, "आन सिदू? त्यो तरी दुसऱ्या बोटीव हाय न्हवं? सायबानं शब्द दिलाय."

खरे बोलायला तेवढाच क्षण होता. मी म्हणालो, "आहे, मावशी. दुसऱ्या बोटीवर आहे."

"मंग येक तरी हाय मला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी उठलो आणि थेट साहेबांच्या खोलीत गेलो. दारावर टकटकसुद्धा केली नाही. सगळे सांगितले. आधीचे खोटे, आत्ताचे खोटे, मामाचे आडनाव, सगळे. साहेब उभे होते, ते खुर्चीत बसले.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो, सर."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"हो, सर."

ओरडले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "त्यांना परत फोन लावता येईल?" येणार नव्हता, बूथवरून त्या निघून गेल्या होत्या. "म्हणजे ती बाई आता खोट्यावर विसंबून घरी चालली आहे. आणि ते खोटं माझ्या कार्यालयातून गेलंय." ते उठून येरझाऱ्या घालू लागले. माणूस पाठवून सांगावे, की दोघेही त्याच जहाजावर आहेत? म्हणजे नाव कळेपर्यंत तिने दोघांच्या नावाने जीव टांगणीला लावायचा. की थांबावे? साहेबांनी थांबायचे ठरवले. पुढे एकदा मला म्हणाले, "तो निर्णय बरोबर होता का, मला अजून माहीत नाही." साहेबांच्या थोरवीबद्दल या ग्रंथात पुष्कळ लिहिलेले असेल. मला त्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर त्या 'माहीत नाही'चा वाटतो.

ते दोन दिवस कसे काढले, सांगता येत नाही. टंकायला बसलो की बोटे भलत्याच अक्षरांवर पडत. साहेब मला टाकून बोलले नाहीत, कामही काढून घेतले नाही. याद्या येतच होत्या. ते टोपण काढत, तसेच विचारत, माझ्याकडे बघत आणि मी उत्तर देईपर्यंत थांबत. माझ्या 'नाही, सर'वर ते पुन्हा विश्वास कसा ठेवू शकले, हे कोडे मला उलगडलेले नाही.

त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी नाव आले. सिदू आखाडे. बिरूचे दोन्ही हात भाजले होते, जिवाला धोका नव्हता.

साहेब म्हणाले, "तार नको. मी जातो. तुम्ही चला." जीप घेऊन निघालो. भऱ्याला घराच्या खालच्या अंगाला जीप थांबली. वर अंगणात ठकूबाई शेरडांना पाला टाकताना दिसत होत्या. साहेबांनी टोपी घातली, उतरले आणि माझ्यासाठी थांबले. मी जीपमध्येच बसून राहिलो. साहेब म्हणाले, "ठीक आहे. चूक माझ्या कार्यालयाची, तेवढं मी सांगतो. तुमचं तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती चुगली होईल."

ते एकटे चढ चढून गेले. मी लांबून पाहत होतो. साहेब उभे, ठकूबाई उभ्या. साहेब काहीतरी बोलले. ठकूबाईंच्या हातातला पाला खाली पडला. त्या बसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. बऱ्याच वेळाने आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. साहेब परत आल्यावर एवढेच म्हणाले, "बाईंनी पाणी दिलं."

मी माझा कबुलीजबाब लिहून साहेबांपुढे ठेवला होता. त्यांनी वाचून परत दिला. "यात तुम्ही शिक्षा मागताय. शिक्षा भोगून मोकळे व्हाल. त्या बाईंना काय मिळेल?" चौकशीपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले, 'ते दोघे भाऊ आहेत की नाहीत हे तपासण्याची जबाबदारी माझी होती आणि यादीवर सही माझी, गजानन शेडगेची आहे.' मला पाठीशी घालून त्यांनी योग्य केले का? ज्याला घातले त्यानेच हा प्रश्न विचारणे सोपे आहे म्हणा, पण मला तो पडतो. साहेब पुढे कमोडोर झाले आणि तिथेच थांबले. त्याचे कारण हेच होते, असे मला कुणी सांगितलेले नाही. पण गावात कुणी विचारू लागला, की साहेब ॲडमिरल का झाले नाहीत, की मी आपला चपला शोधू लागतो.

त्यानंतर साहेबांनी आपली रीत बदलली. रायटरला विचारून भागत नाही, हे माझ्यामुळे त्यांना कळले होते. ते धक्क्यावर जाऊन माणसांपुढे उभे राहत आणि म्हणत, "मामाकडे, चुलत्याकडे, आजोळी राहून शाळा शिकले त्यांनी हात वर करा." दर खेपेला दोन-चार हात वर होत. मग त्या प्रत्येकाशी बाजूला घेऊन बोलणे. एकदा साताऱ्याकडच्या दोन पोरांना त्यांनी असेच वेगळे केले, तेव्हा त्यातला एक रडला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण जहाज बदलले नाही.

निवृत्तीनंतर ते भऱ्यालाच राहिले. भरतीला जाणारी मुले त्यांच्याकडे धावण्याचा सराव आणि मुलाखतीची तयारी करतात, त्यावर इतरांनी लिहिलेच असेल. मी माझ्यापुरते सांगतो. माणची आमची जमीन गेली आणि तिच्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता मी खोल्या भाड्याने देतो. विदर्भ-मराठवाड्याकडची कंपनीतली मुले राहतात. साहेब एकदा घरी आले असता चहाआधी विचारतात काय, "मारुती, यांच्या घरचे नंबर आहेत का तुझ्याकडे?" मी म्हटले, साहेब, भाडेकरार आहे, आधारकार्ड आहे. "ते पोलिसांसाठी. घरी कोण आहे, कुणाला आधी सांगायचं, ते लिहून घे." कुरकुरत का होईना, लिहून घेतले. गेल्या वर्षी नांदेडकडच्या एका मुलाला जांब्याच्या रस्त्यावर गाडीने उडवले. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिले होते, वडिलांना हृदयविकार, आधी काकांना सांगा. मी काकांना सांगितले. मुलगा आता बरा आहे, माझ्याकडेच राहतो आणि पाण्याची मोटर बंद करायला रोज विसरतो.

एवढ्या वर्षांत साहेबांनी मला एकदाही विचारले नाही, की ठकूबाईंना सांगितलेस का. दर दिवाळीला मी फराळ घेऊन जातो, ते माझ्या पोरीची चौकशी करतात, गुडघ्याची करतात. दर वेळी मला वाटते, आता विचारतील. माझे बूड खुर्चीवर टेकत नाही. विचारत नाहीत. पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा तोच घोर.

इथपर्यंत लिहून चार दिवस कागद तसाच ठेवला होता. काल जाऊन आलो.

आधी बिरूला गाठले. तो पिरंगुटला कारखान्यात असतो, गेटवर भेटला. मी म्हणालो, आईला सांगणार आहे, तुझेही नाव त्यात येईल. तो आपल्या भाजलेल्या हातांकडे बघत राहिला. म्हणाला, "सांगा, भाऊ. माज्याच्यानं न्हाई झालं इतकी वर्सं. सिदूनं हट्ट केला, पर मी थोरला व्हतो."

ठकूबाई ओट्यावर बसून करडांच्या गळ्यातल्या दोऱ्या सोडवत होत्या. आता पंचाहत्तरीच्या आसपास असतील, पण नजर तेज आहे. मला पाहून म्हणाल्या, "ये रं, मानच्या सावकारा. भाडेकरू टिकत्यात का, का तुज्या कटकटीनं पळत्यात?"

मी खाली बसलो. या वेळी थांबलो नाही. सांगून टाकले. दोघे भाऊ आहेत हे मला माहीत होते, साहेबांनी विचारले तेव्हा मी खोटे बोललो, साहेबांचा शब्द मी मोडला, साहेबांनी नव्हे. त्यांचे हात दोरीवर चालूच होते. मग थांबले.

"फोनवर तूच व्हतास."

"हो, मावशी."

"मी म्हनले, येक तरी हाय मला."

"हो."

"तुला ठावं व्हतं, दोगं बी तितंच हायेत म्हून."

मी मान हलवली.

"मला वाटायचं, त्या कारकुनाला तरी काय ठावं असनार. बिचारा." त्यांनी दोरी बाजूला ठेवली. मग बोलल्या तेव्हा आवाज बारीक झाला होता. "दोन दीस मी सिदूचा घोर केला न्हाई रं. बिरूचाच केला. देवापुडं बसले तरी बिरूचंच नाव घेतलं. सिदूचं घेतलंच न्हाई मी."

मी रडलो. त्या रडल्या नाहीत. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"ऊठ. जा आता."

उठलो. जाता जाता कसेबसे विचारले, की मग सोहळ्याला याल ना?

"यीन की. का न्हाई येनार? त्यो मानूस माज्या दारात टोपी घालून हुबा ऱ्हायला आन म्हनला, चूक माजी. त्याला ववाळीन मी. तू मातुर त्या दिशी माज्या नजरंफुडं बसू नगंस."

"नाही बसणार. मावशी, पुन्हा कधी येऊ?"

त्या उठल्या. करडांना हुसकत गोठ्याकडे निघाल्या. मी अंगण ओलांडून रस्त्याला लागलो, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. वाटले, बोलावतात. तसे नव्हते.

"लिवतुयास न्हवं सायबावर? मंग माजं बी लिव त्यात."

त्यांनी सांगितले ते मी रस्त्यातच उभे राहून लिहून घेतले. पत्रिकेतली 'कधी एक चूक झाली नाही' ही ओळ समितीने कृपया काढावी. सोहळ्याच्या दिवशी मी मागच्या बाजूला, खांबाच्या आड उभा असेन, माझी वाट पाहू नये.

आदरणीय साहेब, आपल्याला उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो, ही माझी प्रार्थना आहेच, पण माझ्या तोंडची प्रार्थना कितपत पोचेल याची मला शंका आहे. म्हणून ठकूबाईंची त्यांच्याच शब्दांत देतो. "सायबाला म्हनावं, लई जगा. माजा सिदू बाविसाचा व्हता, त्याचं लई ऱ्हायलंय. त्ये समदं तुमास्नी लागू दे."